देवचाराची शीव

गेल्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातल्या एका लहान वाचनालयाने मला बोलावले होते. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा गेली, आणि वीसेक माणसे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होती. विषय होता एका नव्या मराठी भयकादंबरीचा. कादंबरी गोव्यात घडणारी, लेखक गोव्याबाहेरचा. तिचे परीक्षण मी आधीच एका रविवार पुरवणीत लिहिले होते. त्यात ‘अंगावर काटा आणणारी’ हे शब्द होते, आणि त्या दिवशीही मी साधारण तेच बोललो. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतला एक पंचविशीतला मुलगा उभा राहिला. पिकअप चालवतो, असे नंतर कळले. त्याच्या हातात ती कादंबरी होती, माझे परीक्षण वाचून स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेली. तो म्हणाला, “सर, हो देवचार न्हय.”

मी विचारले, का?

“देवचार आपली शीम सोडिना.”

कादंबरीतला देवचार नायकाच्या मागोमाग रेल्वेने मुंबईला जातो आणि अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्री त्याच्या छातीवर बसतो. मला ते प्रकरण थरारक वाटले होते. त्या मुलासाठी कादंबरी तिथेच संपली होती. देवचार हा गावचा राखणदार. त्याची वाट ठरलेली, ह्या वडापासून त्या ओहोळापर्यंत. खांद्यावर कांबळे, हातात दांडा, तोंडात पेटती विडी घेऊन तो रात्री आपल्या शिवेतून फिरतो. त्याचे मागणे ठरलेले, सोरो म्हणजे दारू, पाव आणि विडी. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, शब्द मोडणाऱ्याला धडा शिकवतो. शिवेबाहेर त्याचे काही चालत नाही, आणि शिवेबाहेर त्याचे काही कामही नाही. “मानूं वा ना मानूं,” तो मुलगा म्हणाला, “पूण हो नेम सगळ्यांक खबर आसा.”

घरी परतताना मला माझे परीक्षण आठवत राहिले. चारशे शब्दांत मी कथानकाचा अर्धा भाग सांगितला होता, लेखकाची शैली ओघवती म्हटली होती, मुखपृष्ठाचे कौतुक केले होते, आणि शेवटी ‘भयकथेच्या चाहत्यांनी आवर्जून वाचावी’ असे लिहून मोकळा झालो होतो. कादंबरीने स्वतःच्याच भुताचा नियम मोडला आहे, हे मला दिसले नव्हते. दिसले असते तरी मी लिहिले असते का, याची मला खात्री नाही. कारण मनात कुठेतरी असे होते की भयकथाच तर आहे, एवढे काय ताणायचे?

माझे म्हणणे आहे ते नेमके या ‘एवढे काय ताणायचे’बद्दल. अद्भुत आणि भय या प्रकारांत येणाऱ्या नव्या मराठी कादंबऱ्यांची समीक्षा त्यांच्याच नियमांनी झाली पाहिजे आणि ती कडक झाली पाहिजे. सवलत देऊन लिहिलेले परीक्षण हा त्या पुस्तकाचा अपमान आहे, आणि ते वाचून पुस्तक विकत घेणाऱ्याची तर फसवणूकच आहे.

आपल्या पुरवण्यांत काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. कवितासंग्रह, आत्मचरित्र, ललित लेख, सामाजिक कादंबरी यांना अर्धे पान मिळते. भयकादंबरीला ‘स्वागत’ किंवा ‘नवी पुस्तके’ या चौकटीत मुखपृष्ठ, पृष्ठसंख्या आणि किंमत. कधी थोडी जागा मिळालीच तर माझ्यासारखा कोणीतरी काटा, थरकाप, खिळवून ठेवणारी, एका बैठकीत संपवावी अशी, या शब्दांची माळ ओवतो. मग वाचनालयात जा आणि कपाटातली पुस्तके हातात घेऊन पाहा. नारायण धारपांची, रत्नाकर मतकरींची पुस्तके पाहा. दोनदा-तीनदा बाइंडिंग केलेली, कोपरे मऊ पडलेली, मधल्या पानांवर तेलकट बोटांचे ठसे. शेजारीच समीक्षकांनी गौरवलेल्या कितीतरी कादंबऱ्या कोऱ्या करकरीत उभ्या असतात. जास्त वाचले जाते तेच चांगले, असे मी म्हणणार नाही. पण जे इतके वाचले जाते त्याबद्दल जाणकाराने लिहायचेच नाही, हे कसले जाणकारपण?

याला कारण आहे, आणि ते समजून घ्यावे असे आहे. १८५७च्या ‘यमुनापर्यटन’ या पहिल्या मानल्या जाणाऱ्या मराठी कादंबरीनंतर मराठी कादंबरीत अद्भुताची मोठी लाट आली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. मग १८८५ पासून हरिभाऊ आपट्यांनी मध्यमवर्गाच्या घरातले दुःख कादंबरीत आणले, विधवांचे, मुलींचे, एकत्र कुटुंबातले. ते फार मोठे काम होते. पण त्यापुढे अद्भुत ही बालपणीची खोड ठरली. कादंबरीचे वय वाढले म्हणजे ती वास्तवाकडे जाते, असा आपल्या समीक्षेचा समज झाला. वाचक मात्र तिथेच राहिले. अनंत अंतरकरांनी ‘नवल’ काढले, ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्य, भय आणि विज्ञान यांवर उभे राहिले, घराघरांत गेले. लेखक आले, वाचक आले, समीक्षक तेवढा आला नाही. त्यामुळे आज नवा लेखक भयकादंबरी लिहितो तेव्हा आपले कुठे चुकले हे सांगणारे त्याला कोणी नसते. वाचनाच्या ॲपवर तारे मिळतात, पाच पैकी पाच, आणि खाली ‘खूप छान, पुढचा भाग कधी?’

बरे, कडक म्हणजे कशाच्या मापाने कडक? परदेशी भयकादंबऱ्यांची मापे आणून लावायची, तर आपले लेखक आधीच त्यांच्या छायेत वाढताहेत. मला माप घरात सापडले, आणि तेही फार उशिरा. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, आणि त्यांत भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तीन शृंगार-करुणांच्या पंक्तीला बसलेले आहेत. कोणी त्यांना वेगळे पान मांडलेले नाही. प्रत्येक रसाच्या मुळाशी एक स्थायी भाव असतो: भयानकाच्या भय, बीभत्साच्या जुगुप्सा म्हणजे किळस, अद्भुताच्या विस्मय. एवढ्या एका भेदानेच निम्म्या नव्या कादंबऱ्यांचा दोष पकडता येतो. पानोपानी रक्त, आतडी, किडे, कुजका वास येत असतो आणि लेखकाला वाटत असते की आपण भीती निर्माण करतो आहोत. वाचकाला येते ती किळस. किळस हाही रसच आहे, पण मुखपृष्ठावर ‘भयकादंबरी’ छापून आत जुगुप्सा वाढली तर वाचकाने ताट बाजूला सारावे यात नवल नाही.

भीती कशाने उत्पन्न होते याची यादी सहाव्या अध्यायात आहे. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओस घर, अरण्यात जाणे, आणि स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, त्याविषयी ऐकणे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची ही यादी आजच्या कोणत्याही नव्या भयकादंबरीशेजारी ठेवून पाहा. आवाज असतो, घुबड असते, ओस घर तर असतेच, जंगलही असते. राहून जाते ते शेवटचे, स्वजन. नायक एकटा, आईबाप नसलेला, लग्न न झालेला, भाड्याच्या घरात येऊन राहिलेला. त्याच्या जिवाला धोका आहे हे लेखक अडीचशे पाने सांगतो आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याच्यावाचून कोणाचे काही अडणार नसते. माणसाला स्वतःच्या मरणापेक्षा आपल्या माणसाचे काही बरेवाईट होण्याची भीती जास्त छळते. ताप आलेल्या पोराच्या उशाशी रात्र काढलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. मतकरींच्या कथा आजही बोचतात त्या याच जागी. त्यांच्याकडे घर भरलेले असते. त्यांनी आपल्या कथांना ‘गूढकथा’ हा शब्द वापरला, तो उगीच नाही.

आणि मग नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून भयानक रसाचा अनुभव कसा असतो हे सांगताना त्याने उदाहरण घेतले ते पिशाचाचे नव्हे, कालिदासाच्या हरणाचे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरिण मान वळवून वळवून मागे पाहत पळते आहे, बाण लागेल म्हणून अंगाचा मागचा भाग पुढच्या भागात ओढून घेते आहे, आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर गळत आहेत. तो म्हणतो, हे ऐकताना ‘मी भ्यालो’ असे वाटत नाही आणि ‘ते हरिण भ्याले’ असेही वाटत नाही. उरते ते नुसते भय, कोणाचेच नसलेले आणि म्हणून सगळ्यांचे. 

मला त्या चित्रातले दर्भ विसरता येत नाहीत. चरत असलेले हरिण पळाले, घास गिळायलाही त्याला वेळ झाला नाही. भीतीचे नावही न घेता ती दिसली. तेव्हापासून नवी भयकादंबरी हातात घेतली की मी हेच शोधतो. हिच्यात ते गळणारे दर्भ कुठे आहेत? ‘त्याचे रक्त गोठले’, ‘तिच्या तोंडून शब्द फुटेना’, ‘सर्वांगाला दरदरून घाम फुटला’ ही वाक्ये मला दर्भ वाटत नाहीत. ती आधीच्या शंभर पुस्तकांतून उचललेली आहेत. परीक्षण लिहिणाऱ्याने निदान असे एक तरी वाक्य पुस्तकातून शोधून वाचकापुढे ठेवावे, आणि नसेल सापडत तर तसे लिहावे. ‘शैली ओघवती आहे’ यापेक्षा ते वाचकाच्या जास्त उपयोगाचे आहे.

आता त्या मुलाच्या शिवेकडे येतो. भूत असो, मंत्र असो, दुसरे जग असो, त्याला मर्यादा नसेल तर गोष्ट उभी राहत नाही. आपल्या लोकपरंपरेला हे फार आधीपासून कळलेले आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर गावाची फेरी मारून त्याच्या वहाणा झिजतात असे मानतात. किती साधा तपशील! पण त्यात सगळे आले. देवाला पाय आहेत, पायांना रस्ता लागतो, रस्त्याने कातडे झिजते, म्हणून माणसांना त्याची तजवीज करावी लागते. अलौकिकाने लौकिकाशी केलेला हा करार आहे. साळ गावात शिगम्याच्या दिवसांत गड्यांची जत्रा होते. गडे, म्हणजे या विधीत उतरणारे गावचे पुरुष, देवचाराच्या मागे काळोखात धावतात, त्यांतले काही नाहीसे होतात, मग बाकीच्यांनी त्यांना शोधून आणायचे. कधी, कोणी, कुठून, किती रात्री, हे सगळे ठरलेले. त्या नेमामुळेच उभे राहून पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आज काहीही होऊ शकते असे असते तर ती निव्वळ धावपळ वाटली असती.

नव्या अद्भुत कादंबऱ्यांत, विशेषतः तीन-तीन भागांच्या मालिकांत, हाच दोष मला वारंवार दिसतो. नायकाला पहिल्या भागात एक शक्ती मिळते. अडचण आली की दुसरी मिळते. तिसऱ्या भागापर्यंत तो काहीही करू शकतो, आणि वाचकाला त्याची काळजी वाटेनाशी होते. मंत्राची किंमत काय, ती कोणी मोजली, हा प्रश्न परीक्षकाने विचारायलाच हवा. आपल्या आज्ज्यांच्या गोष्टींत ही किंमत नेहमी असायची. वर मिळायचा, पण मागे वळून पाहायचे नाही. धन मिळायचे, पण पहिले जे दारात दिसेल ते द्यायचे. तो हिशेब चोख होता. मी लेखकाला लोककथेची नक्कल करायला सांगत नाही. त्याने खुशाल नवे दैवत घडवावे, नवे जग रचावे, आमच्या देवचाराला नवा नेम द्यावा. मुंबईलाही न्यावे! पण मग शीव सुटली कशी, कोणी सोडवली, सुटल्यावर इकडे गावाचे काय झाले, राखणदार नसलेल्या त्या रात्री शिवेतून कोण आत आले, हे त्याला लिहावे लागेल. खरी कादंबरी तिथे होती. लेखकाने ती तिथेच सोडली आणि तो फ्लॅटमध्ये जाऊन बसला.

गोव्यातून लिहिणारा परीक्षक म्हणून माझ्यावर आणखी एक जबाबदारी आहे असे मला वाटते. मराठी भयकथेतला गोवा आता ठरीव साच्याचा झाला आहे. जुना पोर्तुगीज बंगला, पडवीत वेताच्या खुर्चीत एकटी कॅथलिक म्हातारी, भिंतीवर क्रूस, फेणीचा पेला, समुद्राची गाज आणि तळघर. पणजी-पुण्याहून आलेली जोडपी तिथे उतरतात आणि मग सुरू. या साच्यात माझ्या शेजारच्या माणसांचा धर्म हा भीतीचा देखावा होतो. ज्या घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटले जाते, जिथे आम्ही नाताळला नेवऱ्या आणि दोदोल खाल्ले, ते घर मराठी वाचकाला केवळ क्रूस दिसला म्हणून भेसूर वाटावे, अशी सोय लेखक करतो. हा आळस आहे आणि त्याहून वाईटही काही आहे. हे मी स्पष्ट लिहिले नाही तर पुण्यात बसलेला परीक्षक कसे लिहील? त्याला तो देखावाच गोवा वाटणार.

आणि भीती हवी असेल तर आमच्याकडे खरोखरची जागा कमी आहे का? सांग्यातले कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेले. मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. दर उन्हाळ्यात पाणी उतरले की मे महिन्यात ते वर येते. जोती, पायऱ्या, देवळाच्या खुणा दिसू लागतात. पुनर्वसन झालेली माणसे येतात, आपल्या घराच्या चौथऱ्यावर उभी राहतात, सण साजरा करतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी परत जातात. मग गाव पुन्हा बुडते. वर्षातून एकदा पाण्यातून वर येणारे घर! भरताच्या यादीतले ओस घर आणि स्वजन इथे एकाच उंबरठ्यावर आहेत. डिचोली-सत्तरी-सांग्याचा खाणपट्टा घ्या. २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा. हिरवट पाण्याने भरलेले प्रचंड खड्डे राहिले, अंगणात उभे गंजलेले टिप्पर राहिले, आणि कर्ज फेडू न शकलेली घरे. ज्या डोंगरावर राखणदाराची जागा होती तो डोंगरच खणून नेला तर राखणदार राहतो कुठे? हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो एका म्हाताऱ्या गावकराच्या तोंडी, आणि तो गंभीरपणे विचारत होता. असा प्रश्न विचारणारी भयकादंबरी मला वाचायची आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, मग त्यांना समीक्षेची प्रतिष्ठा कशाला द्यायची? २०१३ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या चळवळीने एवढी किंमत मोजली तिच्या माणसाने भुताच्या पुस्तकाकडे संशयाने पाहिले तर मी त्याला हसणार नाही. पण माझे उत्तर असे आहे की म्हणूनच या पुस्तकांना चांगला परीक्षक हवा. गोष्टीत भूत आहे एवढ्याने कोणी घाडीकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जात नाही. वाचक पुस्तक मिटतो आणि दिवा लावून झोपतो. खरा अपाय करणाऱ्या कादंबऱ्या वेगळ्या असतात. गावाबाहेर एकटी राहणारी बाई खरोखरच चेटकीण निघते, तिला मारायला निघालेला जमाव खरा ठरतो आणि लेखक त्या जमावाच्या बाजूने सुटकेचा श्वास सोडतो. ह्या देशात बायकांना चेटकीण ठरवून मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. अशा पुस्तकाला ‘उत्कंठावर्धक’ म्हणणारा परीक्षक त्या जमावात उभा असतो. हे ओळखायला भयकथा मनापासून वाचणारा, तिचे बारकावे माहीत असलेला माणूसच लागेल. या प्रकारावर फुली मारणाऱ्याच्या हाती ते पुस्तक पडणारच नाही.

आपली भुते कोण आहेत तेही पाहा. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. ज्यांचे आयुष्य मधेच तुटले, ज्यांचे देणे समाजाने फेडले नाही, त्यांची ही यादी आहे. चांगला लेखक या नावांमागचे दुःख उकरतो. वाईट लेखक त्यांना केस मोकळे सोडून, डोळे पांढरे करून पडद्यामागून बाहेर काढतो. बाळंतपणात गेलेल्या बाईचे भूत दाखवताना ती बाई कशाने गेली, वेळेवर दवाखाना का मिळाला नाही, हे लेखकाच्या मनाला शिवलेच नसेल, तर ते परीक्षकाने लिहावे. त्याने कादंबरी सामाजिक होत नाही, जास्त भीतिदायक होते.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे, चाहत्यांचा. मराठीत आधीच या प्रकारात कमी लिहिले जाते, हजार प्रतींची आवृत्ती खपता खपत नाही, त्यात कडक लिहून नव्या लेखकाचा उत्साह कशाला मारता? मला हे प्रेम समजते, मीही त्याच पोटी कित्येक वर्षे गोड लिहीत आलो. पण ज्याने माझ्या शब्दावर पिकअपच्या दोन फेऱ्यांची कमाई घातली, तो पुढच्या वेळी मराठी भयकादंबरी घेणार नाही, इंग्रजी मालिका लावून बसेल. गोड परीक्षणाने एक प्रत खपली आणि एक वाचक गेला. लेखकाचे म्हणाल तर त्याचेही नुकसानच. लाकूड पोकळ आहे हे सुताराने आधी सांगितलेले बरे, दार बसवल्यावर कळण्यापेक्षा.

धारपांच्या बाबतीत आपण हेच केले. ते या प्रकारातले आपले सर्वात मोठे लेखक, आणि त्यांच्या काही कादंबऱ्यांवर स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांची उघड छाया आहे, हे आता जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. त्या काळी कोणा समीक्षकाने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून लिहिले असते तर धारपांची उंची कमी झाली नसती. उलट त्यांनी परक्या गोष्टीला मराठी गावाची, मराठी घराची हवा कशी दिली, कोणत्या जागी ते मूळ लेखकापासून दूर जाऊन आपले काही उभारतात, हे तेव्हाच कळले असते. नुसत्या स्तुतीने त्यांचे खरे कसब अंधारात राहिले. आजही रूपांतर असेल तर तसे छापावे, आणि छापले नसेल तर परीक्षकाने विचारावे. त्यासाठी त्याने बाहेरचेही वाचलेले हवे.

शेवट फोडू नये, हे वेगळे सांगायला नको. पण शेवट न फोडता लिहिता येत नाही ही सबब मला पटत नाही. पहिल्या एक-तृतीयांश भागात कादंबरीचा नियम कळतो, भाषा कळते, माणसे कळतात. तेवढ्यावर भरपूर लिहिता येते. शेवट फसला असेल तर ‘शेवटाने आधीचा शब्द पाळलेला नाही’ एवढे म्हटले तरी वाचकाला पुरते.

गोव्यात हे करणे अवघड नाही. इथे सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. पणजीतल्या आजच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला नाव आहे ते कृष्णदास शामाचे, सोळाव्या शतकात मराठी ओव्या रचणाऱ्याचे. तालुक्या-तालुक्यांत वाचनालये आहेत, मराठी दैनिके आहेत, त्यांच्या पुरवण्या आहेत. पुरवणीच्या संपादकांनी महिन्यातून एकदा भय किंवा अद्भुत प्रकारातल्या एका नव्या पुस्तकाला पूर्ण जागा द्यावी, आणि ती जागा ज्याला हा प्रकार आवडतो अशाच माणसाला द्यावी. वाचनालयांनी पुस्तक खरेदीच्या बैठकीत एखादा असा वाचक बसवावा ज्याने धारपांची बाइंडिंग झिजवली आहे. आणि परीक्षणे लिहिणाऱ्या आम्ही लोकांनी लिहिण्याआधी पुस्तक ज्या मुलखात घडते तिथल्या एका तरी माणसाला ते वाचायला द्यावे. मी आता तसे करतो. पिकअपवाल्या त्या मुलाला मी गेल्या वर्षात चार पुस्तके दिली. त्यांतली दोन त्याने नापास केली, कारणासहित, आणि दोन्ही वेळा त्याचे कारण माझ्या परीक्षणात त्याचा उल्लेख करून आले.

याच वाचनालयात अलीकडे आम्ही सातआठ जण जमतो. मागच्या महिन्यात सत्तरीतल्या एका मुलीने आपल्या कादंबरीच्या हस्तलिखितातले एक प्रकरण वाचून दाखवले. ती महाविद्यालयात शिकते, वडील खाणीवर टिप्पर चालवायचे. प्रकरणात एक बाई आहे, तिचा नवरा खाणीवर जातो. रोज रात्री तो मागल्या दारी येतो, तांब्याने पाय धुतो, आणि तांबडे पाणी न्हाणीच्या मोरीतून केळीच्या मुळाशी जाते. ती आतून आवाज ऐकते आणि ताट वाढायला घेते. हे सगळे इतक्या सावकाश लिहिले होते की आम्हाला कंटाळा येईल की काय असे वाटले. मग एका रात्री तो येतो, तांब्याचा आवाज होतो, ती दिवा घेऊन मागल्या दाराशी जाते. केळीकडे जाणारे पाणी स्वच्छ आहे.

मुलीने तिथे वाचन थांबवले. कोणी काही बोलले नाही. पिकअपवाला मुलगा बराच वेळ खाली पाहत होता, मग त्याने विचारले, “मागीर? तो कोण?”

ती म्हणाली, अजून दोन प्रकरणे लिहायची आहेत, सांगणार नाही.